एकवीस दिवसांचा हिशेब

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मदोष, उणिवा, आजार आणि वाढीतले अडथळे वेळेत हुडकायचे, हे त्याचं काम. त्यासाठी तीस आजारांची यादी ठरली. त्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. पण त्या बहिरेपणामागे ज्या विषाणूचा हात पुष्कळदा असतो, तो विषाणू यादीत नाही. योगायोगाने बरोबर दहा वर्षांनी, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने नेमक्या त्याच विषाणूसाठी आपल्याकडे जन्मणारं प्रत्येक बाळ तपासायला घेतलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने हे २०१९मध्येच सुरू केलं होतं.

विषाणूचं नाव सायटोमेगॅलोव्हायरस. दवाखान्यात त्याला सीएमव्ही म्हणतात, आपणही तेच म्हणू. महाराष्ट्रात त्याच्यासाठी सरसकट नवजात तपासणी नाही. ती करायची ठरली तर प्रत्यक्षात काय काय करावं लागेल, हे या लेखात पाहायचं आहे, आणि तेही मुंबईच्या मंत्रालयातून नव्हे, तर जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून. हे तालुके निवडण्याचं कारण साधं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचर-नारायणगावला खासगी प्रसूतिगृहं आहेत, सोनोग्राफी आहे, कुरियर आहे. तिथून पश्चिमेला निघालं की डिंभे धरणाच्या पाण्यामागे आहुपे, कोंढवळ आणि जुन्नरच्या बाजूला घाटघर, अंजनावळे अशी गावं लागतात. तिथे पावसाळ्यात एसटी पोचली तरी पुष्कळ. जी योजना या दोन्ही टोकांना चालेल ती राज्यात कुठेही चालेल.

आधी विषाणूची ओळख करून घेऊ. कांजिण्यांचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. एकदा अंगात शिरला की जन्मभर राहतो, बहुतेक काळ झोपून. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून तो पसरतो. आपल्याकडे एका ताटात जेवणं, लेकराचं उष्टं संपवणं, कडेवरच्या पोराचे मुके घेणं हे सगळं रोजचं असल्यामुळे बहुतेक मुली लग्नाच्या वयात येण्याआधीच त्याला भेटलेल्या असतात. पण म्हणून गर्भ सुरक्षित राहतो असं नाही. झोपलेला विषाणू गरोदरपणात जागा होऊ शकतो, किंवा त्याच विषाणूचा वेगळा वाण बाहेरून येऊ शकतो. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००८मध्ये एका निमशहरी वस्तीतला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या जवळपास सगळ्या आयांच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणा होत्या, तरी शंभरातल्या सुमारे दोन बाळांना आईच्या पोटातच लागण झालेली आढळली.

यातून एक गोष्ट सरळ निघते. आईचं रक्त तपासून इथे काही हाती लागत नाही. गर्भपात झाला किंवा सोनोग्राफीत काही शंका आली की खासगी लॅबमध्ये ‘टॉर्च’ तपासणी लिहून दिली जाते. अहवालात सीएमव्हीसमोर ‘पॉझिटिव्ह’ छापून येतं आणि घरात रडारड सुरू होते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की ही बाई लहानपणी चारचौघांसारखी वाढली. तपासायचं असेल तर बाळच तपासावं लागतं.

आता आकडा. २०११च्या जनगणनेत जुन्नरची लोकसंख्या सुमारे ४ लाख आणि आंबेगावची सुमारे २ लाख ३६ हजार होती. जन्मदर हजारी १५ धरला तर दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला साडेनऊ हजार बाळं, म्हणजे दिवसाला २६. जगभरच्या अभ्यासांत हजारी ५ ते १० बाळांना जन्मजात सीएमव्ही सापडतो, आपल्याकडे तो याहून जास्त असण्याची शक्यता आहे. मधला मार्ग म्हणून शंभरी एक धरू. वर्षाला ९५ बाळं. त्यातल्या साधारण दहांमध्ये जन्मतः खुणा दिसतील: डोकं लहान, कावीळ, अंगावर बारीक लाल ठिपके, यकृत किंवा पानथरी वाढलेली. उरलेली ८५ दिसायला ठणठणीत असतील. पण या ठणठणीत बाळांपैकी १० ते १५ टक्क्यांना पुढे ऐकू येणं कमी होतं, कुणाला पहिल्या वर्षात, कुणाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी. म्हणजे ८ ते १३ मुलं. हे माझं कागदावरचं गणित आहे, सर्वेक्षण नव्हे. पण योजनेचा आकार त्यातून कळतो. साडेनऊ हजार बाळं तपासायची, ९५ शोधून काढायची, आणि त्यातल्या वीसेकांच्या आयुष्यात काही फरक पाडायचा.

मग सगळ्यांना का तपासायचं? जन्मतः कानाच्या तपासणीत जे बाळ नापास होईल तेवढंच तपासावं, असाही मार्ग आहे. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१३मध्ये तसा कायदा केला. स्वस्त आहे, सोपा आहे. पण सीएमव्हीचा बहिरेपणा पुष्कळदा जन्मानंतर येतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की कानाच्या पहिल्या चाळणीवर विसंबलं तर नवजात वयातच सीएमव्हीमुळे ऐकू न येणाऱ्या बाळांपैकीसुद्धा चाळीसहून अधिक टक्के निसटतात. नंतर बहिरी होणारी तर हिशेबातच येत नाहीत.

नमुना घ्यायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे बाळाच्या गालाच्या आतून लाळेचा बोळा फिरवायचा. त्यात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे चूक कमी होते. पण आईच्या दुधातही सीएमव्ही उतरतो. अंगावर पाजल्यापाजल्या बोळा फिरवला तर आईचा विषाणू बाळाच्या नावावर लागतो. त्यासाठी पाजल्यावर तासभर थांबायचं. दोन दिवसांच्या, दर तासा-दीड तासाने रडणाऱ्या बाळाच्या बाबतीत हा तास कसा काढायचा, ते वॉर्डातल्या सिस्टरला विचारावं. दुसरी पद्धत टाचेच्या रक्ताची. टाचेच्या कडेला बारीक टोचून जाड टिपकागदाच्या कार्डावर रक्ताचे चार-पाच ठिपके घ्यायचे, वाळवायचे आणि पाठवायचे. रक्तात विषाणू कमी असतो, म्हणून काही बाळं सुटतात. मिनेसोटात कार्यक्रमाच्या आधी साडेबारा हजार बाळांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. लाळेत शंभरातली ९३ सापडली, रक्ताच्या ठिपक्यात जास्तीत जास्त ८६. तरी त्यांनी रक्ताचं कार्डच निवडलं, कारण ते कार्ड इतर आजारांसाठी राज्यातल्या प्रत्येक बाळाचं आधीपासूनच जात होतं. नवीन सुई टोचायची नव्हती, नवीन टपाल लागणार नव्हतं. पहिल्या वर्षात तिथे हजारी तीनच्या आसपास बाळं सापडली.

महाराष्ट्रात तसं सार्वत्रिक कार्ड नाही, आणि खरी अडचण इथे आहे. गोव्याने २००८मध्ये राज्यभर नवजात तपासणी सुरू केली होती, चयापचयाच्या आजारांसाठी. आपल्याकडे कार्ड आणायचंच असेल तर त्यावर पहिला हक्क सीएमव्हीचा नाही, थायरॉइडचा आहे, असं माझं मत आहे. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ आपल्याकडे हजारात सुमारे एक सापडतं. औषध स्वस्त आहे, रोजची एक गोळी वेळेत सुरू झाली तर मतिमंदत्व टळतं. याहून चांगला सौदा आरोग्यखात्याला मिळणार नाही. थायरॉइडसाठी कार्ड सुरू करा, त्यातलाच एक ठिपका सीएमव्हीला द्या. एकट्या सीएमव्हीसाठी राज्यभर टाचा टोचायच्या असतील तर अर्थखात्याचा अधिकारी फाइल परत पाठवील, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.

अशा कार्डाचा सराव आपल्या यंत्रणेला अजिबात नाही असंही नाही. एचआयव्ही असलेल्या आईचं बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्याच्या टाचेचं रक्त अशाच कार्डावर घेतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ही पद्धत २०१०मध्ये सुरू केली. ज्या मोजक्या प्रयोगशाळांकडे ही कार्डं जातात त्यातली एक भोसरीची संस्था, जिचं नाव पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होतं आणि जिला सगळे ‘नारी’ म्हणत. ती याच पुणे-नाशिक रस्त्याच्या तोंडाशी आहे. म्हणजे कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं, उन्हात नाही, पंख्याच्या झोतात नाही, ठिपक्याला बोट लावायचं नाही, मग ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत पिशवीत बंद करायचं, हे जाणणारे तंत्रज्ञ याच व्यवस्थेत आहेत. फरक इतकाच की एचआयव्हीत निवडक बाळं असतात, इथे दिवसाला सव्वीस. शिवाय भीमाशंकरच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये धुकं घरात शिरतं, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. तिथे कार्ड चार तासांत वाळेल असं गृहीत धरणारा माणूस त्या भागात श्रावणात राहिलेला नाही. तिथल्या आरोग्य केंद्रात कार्डासाठी एक कोरडी पेटी लागेल, एवढंच. पण ती खरेदीच्या यादीत आधी लिहावी लागेल.

आता मुख्य हिशेब. बाळ तीन आठवड्यांचं व्हायच्या आत घेतलेल्या नमुन्यात सीएमव्ही सापडला तर तो पोटातून आलेला. एकविसाव्या दिवसानंतर सापडला तर सांगता येत नाही, कारण जन्मताना किंवा आईच्या दुधातून आलेला विषाणूही तोवर बाळाच्या अंगात दिसू लागतो. तो पूर्ण दिवसांच्या बाळाला त्रास देत नाही, म्हणून दूध थांबवायचं कारण नाही. पण तपासणीचा अर्थ मात्र तो पुसून टाकतो. रक्ताचं कार्ड दुसऱ्या दिवशीचं असल्याने त्याचा निकाल नंतर आला तरी चालतो. पण कार्डावर विषाणू दिसला तर खात्रीसाठी बाळाची लघवी तपासतात, आणि ती एकविसाव्या दिवसाच्या आत घेतलेली हवी.

दिवस मोजून पाहू. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात ठिपका घेतला. तिसऱ्या दिवशी बाळंतीण घरी. चौथ्या-पाचव्या दिवशी कार्डांचा गठ्ठा तालुक्याहून निघाला. मध्ये रविवार आला. सातव्या दिवशी प्रयोगशाळेत. पीसीआरची तुकडी भरून मशीन लावायला दोन-तीन दिवस. दहाव्या-अकराव्या दिवशी निकाल. उरले दहा दिवस, आणि त्या दहा दिवसांत बाळ शोधायचं आहे.

शोधायचं म्हणण्याचं कारण, कार्डावर बाळाला नाव नसतं. बारसं व्हायचं असतं. कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, तेही कधी माहेरचं, कधी सासरचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायची रीत आहे, त्यामुळे नोंद घोडेगावची, पत्ता शिरूरचा, फोन नवऱ्याचा आणि नवरा चाकणच्या कंपनीत पाळीवर. बाराव्या दिवसानंतर बाळाला नाव मिळतं आणि तेव्हापासून घरातले लोक ‘बेबी ऑफ’ला ओळखत नाहीत. हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या उसावर आलेल्या टोळ्यांमध्ये जन्मलेलं बाळ तर महिन्याभरात फडाबरोबर दुसऱ्या गावाला गेलेलं असतं. यावर उपाय एकच. कार्डाचा क्रमांक माता-बाल संरक्षण कार्डावर, डिस्चार्जच्या आधी, शाईने लिहायचा, आणि दोन फोन नंबर घ्यायचे, त्यातला एक बाईच्या आईचा.

आशाताईंचं वेळापत्रक इथे नशिबाने जुळतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. निकाल अकराव्या दिवशी आला तर चौदाव्या दिवसाची भेट हीच लघवीचा नमुना घ्यायची भेट. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, तिला तेवढ्यासाठी मंचरला बोलावू नये. नमुना घरी घेता येतो: चिकट कडेची छोटी पिशवी, नाही तर लंगोटात स्वच्छ कापसाचे बोळे ठेवून ओले झाले की डबीत पिळायचे. उपकेंद्राची सिस्टर सोबत असली तर उत्तम. ती डबी थंड डब्यातून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पोचली पाहिजे. चौदावा दिवस हुकला तर एकविसावा उरतो, पण तो शेवटचा.

या भेटीत काय बोलायचं, हेही आधी ठरवायला हवं. ‘तुमचं बाळ पॉझिटिव्ह आलंय’ हे वाक्य करोनानंतर कुठल्याही घरात म्हणू नये. भावकी पाळणा बघायला यायची थांबेल आणि दोष सुनेच्या माथी जाईल. ‘एका तपासणीत शंका आली आहे, पुन्हा एकदा बघायचं आहे, बाळाला पाजत राहा, तुझ्या वागण्यामुळे हे झालेलं नाही’ इतकं पुरे. आशाताईंना हे शिकवायला एक दुपार लागेल. योजनेच्या एकूण खर्चात ती दुपार सगळ्यात स्वस्त असेल, आणि म्हणूनच पहिली कापली जाईल अशी भीती वाटते.

लघवीतही विषाणू सापडला तर बाळाची नीट तपासणी करायची. डोक्याचा घेर, रक्तातल्या पेशी, यकृत, टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी, डोळ्यांचा पडदा आणि कान. यातलं पुष्कळसं मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकेल, डोळे आणि कानांसाठी पुण्याला जावं लागेल, ससूनला किंवा केईएमला. पुण्याचं केईएम या विषयाला नवखं नाही. रुबेलामुळे होणाऱ्या जन्मदोषांवर लक्ष ठेवण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जी निवडक केंद्रं नेमली, त्यात ते होतं. रुबेलाला लस आहे. २७ नोव्हेंबर २०१८ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, आणि ती लस आता नेहमीच्या लसीकरणात आहे. सीएमव्हीला लस नाही. म्हणून त्याच्याबाबतीत तपासणीवर इतका भर द्यावा लागतो.

ज्या बाळांमध्ये ठळक खुणा आहेत त्यांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे पातळ औषध दिवसातून दोनदा, सहा महिने देतात. ते शक्यतो पहिल्या महिन्यातच सुरू करायचं असतं. त्याने ऐकण्यात आणि वाढीत थोडा पण मोजता येण्याजोगा फायदा होतो, असं २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. औषधाने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. आठवड्याला एकदा तळेघरहून पुणे, दिवसाची मजुरी बुडवून, हे कुणाला जमणार? औषध पुण्याने ठरवावं, रक्त घोडेगावात घ्यावं, आकडा फोनवर कळवावा. धडधाकट दिसणाऱ्या ८५ बाळांना हे औषध द्यायचं नसतं. हेही ठणकावून सांगावं लागेल, कारण अहवाल हातात घेऊन आलेल्या बापाला रिकाम्या हाताने पाठवणं डॉक्टरला जड जातं.

त्या ८५ बाळांना द्यायचं काय, तर तारखा. कानाची तपासणी पहिल्या महिन्यात, मग पहिली तीनेक वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर सहा वर्षांपर्यंत वर्षाला एकदा. ती टाळी वाजवून किंवा खुळखुळा हलवून नव्हे, ओएई आणि बेरा या यंत्रांवर. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असतात. त्यांच्या गाडीत ओएईचं हातातलं यंत्र ठेवलं आणि त्या गावातल्या सीएमव्हीच्या बाळांची नावं त्यांच्याकडे दिली, तर या तारखांपैकी निम्म्या गावातच पार पडतील. कान बिघडतोय असं दिसलं की श्रवणयंत्र, आणि तेही अपुरं पडलं तर कॉक्लियर इम्प्लांट. त्यासाठी केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मदत मिळते आणि तिचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडून चालतं. मात्र बोलायला शिकण्याआधीच ऐकू येणं गेलेल्या मुलांसाठी तिथे वयाची अट पाच वर्षांची आहे. पहिल्या वर्षात ऐकू येणं गेलं आणि कळलं सहाव्या वर्षी, तर ती मदत हुकते.

म्हणून मला वाटतं, ही योजना उलट्या टोकाकडून बांधावी. आधी दोन तालुक्यांत कानाची यंत्रं, ती चालवणारी माणसं आणि सहा वर्षं टिकणारी नोंदवही. ती वर्षभर नीट चालली की मग कार्ड आणि पीसीआर. मशीन विकत घेता येतं, उद्घाटन होतं, फोटो निघतो. नोंदवहीचा फोटो कुणी काढत नाही. पण नोंदवहीशिवाय सापडलेली ९५ बाळं म्हणजे फक्त ९५ घाबरलेली घरं.

आणि खासगी प्रसूतिगृहांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा इथली कितीतरी बाळंतपणं तिथेच होतात. त्यांना कार्डं फुकट द्यावीत, नेणारा माणूस सरकारचा असावा, निकाल प्रसूतिगृहालाही जावा आणि सरकारी यंत्रणेलाही.

उरली ती बाळं ज्यांचं कार्ड कोरं आलं. शंभर लागण झालेल्यांतली निदान चौदा बाळं रक्ताच्या ठिपक्यातून सुटतात, हे वर आलंच आहे. शिवाय बहिरेपणाची इतरही कारणं असतात, त्यांच्याबद्दल हे कार्ड काहीच सांगत नाही. तेव्हा निकालाच्या कागदावर खाली मोठ्या अक्षरांत छापावं: मूल सहा महिन्यांचं होऊनही आवाजाकडे वळत नसेल, किंवा वर्ष उलटूनही बडबड सुरू झाली नसेल, तर हा कागद बाजूला ठेवा आणि कान तपासून घ्या.